तुमची कॉफी दुसऱ्यानं का ठरवायची?

चांगली कॉफी प्यायची तर कॅफेत जावं लागतं, हे वाक्य खोटं आहे. आपल्या पिढीनं ते न तपासता मान्य केलं, याचा मला राग आहे. ज्यांना कॅफे परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरं वाक्य तयार असतं: 'कॉफी म्हणजे साहेबी चोचले, आपला चहाच बरा.' ही दोन वाक्यं सख्खी भावंडं आहेत. दोन्ही तुम्हाला एकच गोष्ट सांगतात, की कॉफी तुमची नव्हे. ती बनवणार दुसरं कुणीतरी, चांगली-वाईट ठरवणारही दुसरं कुणीतरी. तुम्ही एकतर पैसे मोजायचे, नाहीतर नाक मुरडायचं.

मी मानपाड्यात राहते. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'कुठल्या?' घोडबंदर रस्त्यावरच्या. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे खांब आणि त्यांच्या मधोमध अडकलेली बस, तो मानपाडा. माझे अर्धे नातेवाईक डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर राहतात, त्यामुळे दोन्ही मानपाड्यांची कॉफी मला तोंडपाठ आहे. दोन्हीकडे गेल्या काही वर्षांत काचेच्या दर्शनी भिंतींची कॅफे उगवली. दोन्हीकडच्या घरांत मात्र कॉफी म्हणजे अजूनही कपभर दूध, दोन चमचे साखर आणि बरणीतली चिमूटभर भुकटी. रस्त्यावर तीनशे रुपयांची कॉफी आणि घरात गोड दूध, यांच्यामध्ये काही असू शकतं असं कुणाला वाटतच नाही.

असू शकतं. एक काचेचं भांडं, त्यात वरखाली होणारी जाळी, गरम पाणी, जाडसर दळलेली कॉफी आणि दहा मिनिटं. याला फ्रेंच प्रेस म्हणतात. माझं म्हणणं असं, की हे भांडं घरात असणं ही चैन नाही. आपल्या जिभेचा कारभार आपल्या हातात घेण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. हे म्हणताना मला कॅफेवाल्यांशी भांडायचं आहे, पाकीटवाल्यांशी भांडायचं आहे, कॉफीच्या पंडितांशी भांडायचं आहे आणि थोडं घरच्यांशीही.

कॅफे काय विकतं?

साधा हिशेब करू. आमच्या भागात बऱ्या कॅफेतल्या कॅपुचिनोला अडीचशे-तीनशे रुपये पडतात. तिच्यात कॉफी असते साधारण अठरा ग्रॅम. चांगली, ताजी भाजलेली कॉफी घरी आणली तर पाव किलोला पाचशे रुपये धरा, म्हणजे ग्रॅमला दोन रुपये. अठरा ग्रॅमचे झाले छत्तीस. दूध-साखरेचे अजून पंधरा. मग उरलेले दोनशेहून जास्त रुपये कशाचे?

जागेचे. एसीचे, वीजबिलाचे, लाखांत किंमत असलेल्या मशीनचे, काउंटरमागे दहा तास उभ्या राहणाऱ्या पोरांच्या पगाराचे, भिंतीवरच्या त्या लटकत्या दिव्यांचे. यात गैर काहीच नाही. दुकान चालवायचं तर खर्च आलाच. पण मग त्याला बसायच्या जागेचं भाडं म्हणा की! वन बीएचकेत पाच माणसं राहतात, दोघांचं घरून काम चालू असतं, एकाचा अभ्यास, टीव्हीवर मालिका. अशा घरातली मुलगी तीनशे रुपये देते तेव्हा ती कॉफी विकत घेत नसते. ती दीड तासाची शांतता विकत घेते. ज्या शहरात पोरांना फुकट बसायला जागा नाही, तिथे कॅफे ही तासावर मिळणारी खोली आहे.

ठाण्यात तलावपाळीचा कट्टा आहे म्हणून बरं. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळं गाव नटूनथटून जमतं, तिथे उभं राहायला कुणी पैसे मागत नाही. पण दिवाळी वर्षातून एकदा येते. बाकीचे दिवस आपण खोलीचं भाडं कॉफीच्या नावावर फाडतो आणि मग समजून चालतो की कॉफीच मुळात महाग असते. हा गोंधळ कॅफेला परवडतो. तुम्हाला परवडतो का, ते बघा.

बरं, एवढे पैसे देऊन कॉफीबद्दल काही कळतं म्हणावं तर तेही नाही. अशाच एका कॅफेत मी विचारलं होतं, "ही कॉफी कुठली आहे? भाजली कधी?" काउंटरवरचा मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "अरेबिका आहे, मॅम." अरेबिका ही कॉफीच्या झाडाची जात. म्हणजे 'हा तांदूळ कुठला?' असं विचारल्यावर 'पांढरा' असं उत्तर मिळण्यासारखं झालं. त्या मुलाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार. पण तीनशे रुपयांच्या वस्तूबद्दल घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही काही माहीत नसावं, आणि तरी दोघांनीही तिला 'प्रीमियम' म्हणावं, हा कसला व्यवहार?

पाकिटाची मागची बाजू

आता घरातल्या बरणीकडे वळू. पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांवर 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असं लिहिलेलं सापडेल आणि सोबत टक्केवारी. भारतातल्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी. उरलेले 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी म्हणजे कासनीच्या जातीच्या झाडाची मुळं, भाजून दळलेली. आपल्याकडे तिचं पीक मुख्यतः गुजरातेत होतं. तिच्यात कॅफीन नसतं. ती कॉफीला दाट काळा रंग देते आणि एक गुळमट कडवटपणा देते.

चिकोरी वाईट नाही. नेपोलियननं 1806 साली इंग्रजी मालाची नाकेबंदी केली, तेव्हा युरोपात कॉफी मिळेनाशी झाली आणि लोकांनी या मुळांवर भागवलं. पुढे ती चव अंगवळणी पडली. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीतही थोडी चिकोरी मुद्दाम घालतात, ती ज्याला हवी त्यानं जरूर घालावी. माझा आक्षेप वेगळा आहे. मोठ्या अक्षरांत कॉफी, बारीक अक्षरांत मुळं, आणि आपण वर्षानुवर्षं ते पिऊन म्हणायचं, 'मला कॉफी फारशी आवडत नाही.' तुम्हाला काय आवडत नाही, हे ठरवायला आधी ती गोष्ट तुमच्या तोंडापर्यंत पोचायला हवी ना?

इन्स्टंटचंही तसंच. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कॉफी काढतात, मग ते पाणी उडवून भुकटी करतात. सोय आहे, स्वस्त आहे, रात्रीच्या शिफ्टला तारून नेते. पण कॉफीच्या सुगंधातला मोठा भाग या प्रक्रियेत उडून जातो. उरतो कडूपणा, आणि तो झाकायला दूध-साखर.

गंमत म्हणजे ही वस्तू आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. बाबा बुदन नावाच्या सूफी संतानं सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरूच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. मुंबईचं म्हणाल तर पोलसन हे नाव जुन्या पिढीला लोण्यासाठी आठवतं, पण पेस्तनजी एदलजींचा धंदा कॉफीपासून सुरू झाला होता. 1936 साली चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं. 1950च्या दशकात सरकारी कॉफी हाउसं बंद करायची ठरली, तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पाठबळावर सहकारी संस्था काढल्या आणि कॉफी हाउसं स्वतः चालवायला घेतली. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी पिकते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. तेव्हा 'कॉफी आपली नाही' हे म्हणणं सोडून द्या. देशात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा वाटा जहाजात बसून परदेशी जातो आणि इटली हा तिचा सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. आपण मग 'इटालियन' कॉफी म्हणून खूश होतो.

भांडं, पाणी, वेळ

फ्रेंच प्रेसचं नाव भारदस्त आहे, काम अगदी साधं. जाळीच्या दट्ट्याची कल्पना फ्रान्समध्ये 1852 साली नोंदवली गेली, पण आज आपण वापरतो त्याच्या जवळचं पेटंट 1929 साली मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी यांनी घेतलं. म्हणजे हे फ्रेंच भांडं निम्मं इटालियन आहे. आणि तुम्ही ते विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. झाकणाचा स्टीलचा टोप आणि बारीक गाळणी यांच्यावर जवळजवळ तीच कॉफी होते. कॉफी पाण्यात भिजत ठेवायची आणि मग वेगळी करायची, एवढंच तंत्र आहे. प्रेसमध्ये ते कमी पसाऱ्यात होतं म्हणून सहा-सातशे रुपये द्यायचे.

आता कृती. दोन मग, म्हणजे अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम कॉफी. एका मगाला पंधरा. काटा नसेल तर मगाला साधारण तीन मोठे चमचे. कॉफी इडलीच्या रव्याइतकी जाड दळलेली हवी. पिठासारखी बारीक असेल तर जाळीतून गाळ येईल आणि घोट कडूजहर होईल. पाणी उकळवा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग कॉफीवर ओता. चार मिनिटं हात लावू नका. वर एक जाड साय धरल्यासारखा थर येतो. तो चमच्यानं हलवून मोडा, बराचसा चुरा तळाशी जाईल. वर राहिलेला फेस काढून टाका. आणि आता खरी गोष्ट: अजून पाच मिनिटं थांबा. मग दट्ट्या फक्त पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणा, खाली दाबू नका, आणि हळू ओता.

'प्रेस'मध्ये प्रेसच करायचं नाही, हे ऐकून लोक हसतात. ही पद्धत 2007 सालची जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकणाऱ्या जेम्स हॉफमन यांनी लोकप्रिय केली. तिच्यामागचं कारण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. ताक घुसळून ठेवलं की पाणी वर, गाळ खाली. तो गाळ पुन्हा ढवळून कोण पितं? दट्ट्या जोरात दाबला की तळाशी बसलेला बारीक चुरा परत उठतो.

चार-पाच मिनिटं भिजवायचं ते कशासाठी, तेही समजून घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीवर अवलंबून राहावं लागणार नाही. भाजलेल्या कॉफीचा जास्तीत जास्त तीसेक टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1950च्या दशकात लोकांच्या आवडीचा अभ्यास करून असं मांडलं, की भाजलेल्या कॉफीचा 18 ते 22 टक्के भाग उतरला की ती चांगली लागते. आंबटपणा आधी उतरतो, गोडवा त्यामागून, कडूपणा शेवटी. म्हणून कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर दळण थोडं बारीक करा किंवा वेळ वाढवा. कडू आणि कोरडी लागली तर दळण जाड करा. संपल्या सगळ्या युक्त्या. आता तुमची जीभ हेच तुमचं यंत्र.

दळणयंत्र नसेल तर मिक्सर चालतो का? चालतो, पण त्याचं पातं दाणे दळत नाही, फोडतं. काही चुरा होतो, काही खडे राहतात. थांबत थांबत फिरवा आणि पिठाच्या चाळणीनं बारीक चुरा काढून टाका. फक्त काल ज्या भांड्यात लसणीची चटणी केली ते घेऊ नका. याहून सोपं म्हणजे माटुंग्याला जा. तिथे 'म्हैसूर कन्सर्न्स'सारखी दुकानं आहेत, जिथे समोर कॉफी दळून मिळते. 'चिकोरी नको, दळण जाड हवं,' ही दोन वाक्यं पुरतात. ठाण्या-डोंबिवलीतल्या दाक्षिणात्य शेजाऱ्यांना विचारा, ते जवळचं दुकानही सांगतील. त्यांच्या घरी स्टीलचा फिल्टर बघून तुम्हाला तोच आवडला तर फ्रेंच प्रेस घेऊच नका. मी भांड्याची दलाली करत नाही.

आणि पाणी. कॉफीच्या मगात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पाण्याबद्दल न बोलता कॉफीबद्दल बोलणं म्हणजे नवरदेव सोडून वरातीचं वर्णन. पाणी फार जड असेल तर कॉफी बोथट लागते, आणि आरओतून सगळे क्षार निघून गेले तर सपाट. नळाला धरणाचं पाणी येत असेल तर ते उकळून वापरा, आरओच्या पाण्याचा आग्रह धरू नका. पण घोडबंदर पट्ट्यात सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो. आज एका ठिकाणचं पाणी, परवा दुसऱ्या. सगळं तेच मापानं घेऊनही मगातली चव बदलली की मला आधी खाली टँकर आला होता का ते आठवावं लागतं. जाहिरातीत दाखवतात तो 'मॉर्निंग रिच्युअल' या रस्त्यावर नळाला पाणी येण्यापासून सुरू होतो. चाळीस मजली टॉवरला परवानगी मिळते आणि पाण्याची सोय मागाहून येते, हा प्रश्न कॉफीचा नाही, पण कॉफीच्या घोटातही तो लागतो.

पंडितांनो, जायफळ राहू द्या

आता माझ्याच बाजूचे लोक. घरी कॉफी करणाऱ्यांत एक जमात तयार झाली आहे. त्यांच्याकडे ग्रॅमचा दहावा भाग मोजणारा काटा असतो, बगळ्याच्या मानेची किटली असते, पाण्याचं तापमान अंशात सांगतात. छंद म्हणून सगळं ठीक. पण कुणी कॉफीत साखर घातली की यांचा चेहरा असा होतो, जणू देवळात कुणी चपला घालून आलं. 'काळी प्यायला शिक,' असा उपदेश सुरू. काळी कॉफी पिणं हा पराक्रम झालाय, आणि त्या पराक्रमाचा फोटो काढल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही.

मला विचाराल तर कॅफेनं आपली जीभ भाड्यानं घेतली होती, या मंडळींना ती दत्तक घ्यायची आहे. मालकी आपल्याकडे येतच नाही.

माझी मावशी माझ्या मगातला एक घोट घेऊन म्हणाली, "ही कॉफी की काढा गं?" बरोबर आहे तिचं. तिची कॉफी म्हणजे जायफळाची. दूध आटत आलेलं, वर किसलेलं जायफळ, वेलदोडा, कधी केशराची काडी. मराठी घरांत पाहुणा उशिरा आला, पाऊस लागला, कुणाला झोप येत नसली की ही कॉफी व्हायची. कॉफीनं झोप जाते आणि जायफळानं येते, असा दोन्ही बाजूंचा वकील एकाच कपात बसवणारे आपण लोक. ही चव मागासलेली नाही. दालचिनी घातलेल्या परदेशी पेयाला रांग लागते आणि जायफळाला 'आजीची कॉफी' म्हणून हसतात, हे न्यूनगंडाचं लक्षण आहे, चवीचं नव्हे.

उलट फ्रेंच प्रेसनं ती कॉफी जास्त चांगली होते. वीस ग्रॅम कॉफीला दीडशे मिलिलिटर पाणी, तीच पद्धत, तोच वेळ. दाट अर्क मिळेल. वेगळं तापवलेलं दूध त्यात ओता, साखर घाला, वर जायफळ किसा. फरक एवढाच, की आता जायफळाखाली कॉफीही लागते. मावशीला ती आवडली. आधी तिनं साखर वाढवली, हेही सांगते. तिचा कप, तिची साखर.

भांडं कोण धुणार?

शेवटचं भांडण घरातलं. आपल्याकडे 'चहा टाक' हे वाक्य आज्ञार्थी आहे आणि ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दिशेनं जातं. दिवसातून चार वेळा. सकाळी सहाला, पेपरबरोबर, पाहुणे आल्यावर, संध्याकाळी. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो, असं आपण कौतुकानं म्हणतो. त्या वेळेला गॅसपुढे उभं कोण असतं, हे कुणी म्हणत नाही.

म्हणून मला हे भांडं आवडतं. गॅसपुढे उभं राहावं लागत नाही, उतू जायची भीती नाही, पाणी उकळता येणाऱ्या कुणालाही जमतं. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या नजरेखाली जमतं आणि साठ वर्षांच्या बाबांनाही. 'मला येत नाही' ही सबब उरत नाही.

पण मी पाहिलंय काय? घरातला मुलगा उत्साहानं फ्रेंच प्रेस मागवतो, रविवारी सगळ्यांना बोलावून कॉफी करतो, सगळे वाहवा करतात. मग जाळीत अडकलेला गाळ घेऊन ते भांडं सिंकमध्ये पडून राहतं. सोमवारी आई किंवा कामाला येणाऱ्या ताई ती जाळी सुटी करून घासतात. कॉफीचा चुरा सिंकमध्ये ओतल्यानं मोरी तुंबते, ती मोकळी करायलाही त्याच. याला स्वतःची कॉफी स्वतः करणं म्हणत नाहीत. हे म्हणजे 'चहा टाक'च, फक्त महागड्या भांड्यात.

नियम सोपा आहे. जो पितो तो धुतो. चुरा गाळणीवर काढून ओल्या कचऱ्यात टाका किंवा थोडा थोडा कुंडीच्या मातीत मिसळा. जाळी सुटी करा, साबण लावा, वाळवा. जाळीत जुनं तेल राहिलं तर उद्याच्या कॉफीला खवट वास येतो. म्हणजे भांडं धुणं हा कृतीचाच भाग आहे. कृती सांगणारे लोक तो गाळतात, कारण त्यांच्याही घरी तो भाग दुसरं कुणीतरी करत असावं.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

हे चहापेक्षा महाग नाही का? आहे. पंधरा ग्रॅमचा मग तीस रुपयांना पडतो, घरचा चहा त्याच्या पावपटीतही होतो. म्हणून चहा सोडा असं मी म्हणत नाही. कॅफेतल्या महिन्याच्या चार फेऱ्या वाचवल्या तर महिनाभर रोज एक मग घरी होतो, एवढंच म्हणते. आणि माटुंग्याची साधी, बिनचिकोरीची कॉफी पाचशेच्या बरीच आत मिळते. ती ताजी असेल तर नक्षीदार पाकिटातल्या तीन महिने जुन्या कॉफीला मागे टाकते. भाजलेली कॉफी हळूहळू शिळी होते, दळलेली तर फार लवकर. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. चिक्कमगळूरू, कूर्ग, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि अराकू या पाच कॉफींना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती नावं ओळखीची करून घ्या. हापूस घेताना 'देवगड की रत्नागिरी' विचारणारे आपण, कॉफीच्या बाबतीत एवढे मुके का?

तब्येतीचं काय? हेही स्वच्छ सांगायला हवं. जाळीतून गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य उतरतं आणि ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. तुमचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं असेल तर प्रेस बाजूला ठेवा, कागदावर गाळा. आणि जेवणाबरोबर कॉफी घेतली तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, चहाचंही तेच. ज्या घरात मुलींचं हिमोग्लोबिन कमी आहे तिथे जेवणानंतर तासभर थांबा. भांडं विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगितलं.

वेळ कुठे आहे? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो खरा आहे. घोडबंदर रस्त्यावर किंवा डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर आपला रोजचा वेळ कसा जातो, ते मला कुणी सांगायला नको. पण या दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटं तुम्हाला काहीच करायचं नसतं. कॉफी भिजते, तुम्ही डबा भरा, केस विंचरा, नाहीतर नुसते खिडकीशी उभे राहा. दिवसभरात आपल्याला थांबवणारे पुष्कळ असतात, सिग्नल, फाटक, लिफ्ट. त्यात आपल्या मर्जीनं थांबायची ही एकच वेळ.

मला कुणाला कॉफीचा भक्त करायचं नाही. चहा प्या, ताक प्या, काही पिऊ नका. पण जे काय प्याल ते कुणाच्या तरी काचेच्या भिंतीमुळे, पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांमुळे किंवा कुणी पंडित हसेल या भीतीनं पिऊ नका. पाकीट उलटं करून वाचा, दुकानात तारीख विचारा, कडू झाली तर दळण बदला, साखर हवी तर घाला. आणि प्यायल्यावर भांडं धुऊन पालथं घाला. तुम्हीच.